छंद आणि विवेक : गळाचें नकली गांडूळ

या सदरांत मासे धरण्याच्या गळाचा विषय पाहून आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. ज्या घरांत पानावर मासा कधीं वाढला जात नाहीं, त्या घरांत गळाची चर्चा हवी कशाला, असें कोणीहि विचारील. परंतु हा प्रश्न आमच्याकडे आला तो अशाच एका घरांतून आला आहे. वर्धा येथील एका एकत्र कुटुंबांतील आजोबा लिहितात कीं, त्यांच्या १६ वर्षांच्या नातवास गळ टाकण्याचा नाद लागला असून, त्यानें सांठविलेल्या पैशांतून मऊ प्लॅस्टिकच्या परदेशी गांडुळांचीं तीन पाकिटें घरपोंच मागविलीं आहेत. एका पाकिटांत १० इंच लांबीचीं गुलाबी, सरळ शेपटीचीं. दुसऱ्यांत ५ इंची काळीं, शेपटीस वल्ह्यासारखें पातें असलेलीं. आणि तिसऱ्यांत ४ इंची तपकिरी, किंचित् पारदर्शक, वळणदार शेपटीचीं गांडुळें आहेत.

या पाकिटांवरून घरांत चार तट पडले आहेत. नातवाचें म्हणणें असें कीं, जिवंत गांडूळ टोंचण्यापेक्षां हें बरें, आणि पकडलेला मासाहि मी परत पाण्यांतच सोडणार. मग हिंसा झाली कोठें? आजोबांस तें पटत नाहीं. मुलाच्या आईस माशाची नव्हे, नदीची काळजी वाटते. काकूंची तक्रार अशी कीं, दोन वर्षांच्या धाकट्या पोरीनें त्यांतलें एक गुलाबी गांडूळ खाऊ समजून तोंडांत घातलें होतें. आणि मुलाला खरें विचारावयाचें आहे तें एवढेंच कीं, या तिहींपैकीं वर्ध्याच्या पाण्यास योग्य कोणतें? चौघांचेंहि बोलणें ऐकण्यासारखें आहे. म्हणून चौघांनाहि उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गळ टाकणें हा कांहीं साहेबी थाटाचा परका नाद नव्हे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, ही जुनी नोंद ज्या ग्रंथांत सांपडते तोच हा ग्रंथ. त्यांत राजाच्या नानाविध विनोदांमध्यें ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक भाग आहे, आणि माशांच्या जाति कोणत्या, कोणास कोणता चारा घालावा, गळ कसा टाकावा, यांचा विचार तेथें केलेला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ मध्यें या भागावर अभ्यासपूर्ण लेख लिहून तो शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला. परंतु आपल्याच वाङ्मयांत दुसरी बाजूहि आहे. भक्ष्यानें झांकलेला लोखंडी गळ मासा लोभानें गिळतो आणि पुढील परिणाम पाहत नाहीं, असा दृष्टांत विदुरनीतींत आला आहे. राजाचा विनोद आणि विदुराचा इशारा, दोन्ही आपलींच. ‘आमिष’ या एकाच शब्दानें आपण मांसहि समजतों आणि लालूचहि समजतों, यांतच सगळें आलें.

आतां या नकली गांडुळाची कुळकथा. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत ॲक्रन नांवाचें शहर आहे. रबराच्या कारखान्यांकरितां एके काळीं तें जगप्रसिद्ध होतें. तेथील गुडरिच कंपनींत काम करणाऱ्या वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञानें १९२६ मध्यें पॉलिव्हिनिल क्लोराईड या कडक पदार्थांत तेलकट द्रव्यें मिसळून त्यास मऊ व लवचीक करण्याची युक्ति शोधून काढली. आपल्या घरांतील विजेच्या तारांवरचें वेष्टण आणि बागेस पाणी घालण्याची नळी हीं त्याच युक्तीचीं लेंकरें. पुढें त्याच ॲक्रन शहरांतील निक क्रीम या हौशी गृहस्थानें १९४९ मध्यें, पत्नी कॉस्मा हिच्या साह्यानें, घरच्या घरीं हा पदार्थ तापवून गांडुळाच्या आकाराच्या सांच्यांत ओतला. सांच्यांतून निघालें तें हातांत घेतांच लिबलिबणारें, पाण्यांत वळवळणारें आणि कधीं न मरणारें गांडूळ. कधीं न मरणारें, हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. या दोषाकडे पुढें वळूं.

अमेरिकेंत हें गांडूळ मुख्यतः ज्याच्याकरितां वापरतात तो मासा म्हणजे बास. बास म्हणजे आपल्याकडील कोणता मासा, असें विचारणाऱ्यास ‘कोणताच नव्हे’ हेंच उत्तर द्यावें लागतें. मोठ्या तोंडाचा हा हिरवट मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. वर्धा नदींत किंवा धाम, यशोदा, वेणा यांच्या डोहांत तो नाहीं, आणि तो येथें आणून सोडण्याचा विचारहि कोणीं मनांत आणूं नये. जपानांत १९२५ सालीं आशी सरोवरांत हौसेनें सोडलेला हा मासा पुढें देशभर पसरला, आणि तेथील मूळच्या लहान माशांचा त्यानें असा फडशा पाडला कीं, २००५ मध्यें अमलांत आलेल्या कायद्यानें त्याचें पालन, वाहतूक आणि पाण्यांत सोडणें यांवर बंदी घालावी लागली. याच्या उलट गोष्टहि ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आपल्या मरळाचा चीनकडील एक भाऊबंद २००२ मध्यें अमेरिकेंतील मेरीलंड राज्यांत क्रॉफ्टन येथील एका तळ्यांत सांपडला. तेव्हां तेथें इतकी घबराट उडाली कीं, तळ्यांत विष घालून ते मासे मारण्यांत आले आणि मरळाच्या साऱ्या कुळाच्या आयातीस त्या देशानें मनाई केली. घरच्या पाण्यांत जो शोभतो तोच परक्या पाण्यांत दरोडेखोर ठरतो. शोभेच्या कांचपेटींतील कंटाळवाणे झालेले मासे नदींत नेऊन सोडणाऱ्या घरांनींहि यापासून धडा घ्यावा.

तेव्हां पाकिटावर चित्र बासचें असलें तरी वर्ध्याच्या पाण्यांत त्याचें गिऱ्हाईक मरळ हेंच होय. दोघांची राहणी पुष्कळ सारखी. पाणवनस्पतींच्या आड, बुडालेल्या झुडपाशेजारीं किंवा कांठाच्या सावलींत दबा धरून बसावयाचें, आणि समोरून जाणाऱ्या बेडकावर, झिंग्यावर वा लहान माशावर एकदम झेंप घ्यावयाची, ही दोघांचीहि रीत. मरळाची आणखी एक विशेष गोष्ट अशी कीं, तो नुसत्या कल्ल्यांवर जगत नाहीं. त्याच्या डोक्यांत हवा घेण्याची वेगळी योजना असल्यामुळें तो थोड्या थोड्या वेळानें वर येऊन श्वास घेतो, आणि उन्हाळ्यांत तळें आटत आलें तरी ओल्या चिखलांत तग धरून राहतो. रोहू, कतला आणि मृगळ हे मासे मात्र निराळ्या खाण्याचे. रोहू वनस्पतींवर, कतला पृष्ठभागावरील सूक्ष्म जीवांवर आणि मृगळ तळच्या कुजलेल्या कणांवर पोट भरतो. कणकेच्या गोळीस लागणारे हे मासे प्लॅस्टिकच्या शेपटीकडे बहुधा ढुंकूनहि पाहत नाहींत. त्यांच्यासाठीं नकली गांडूळ विकत घेणें हा निव्वळ पैशाचा अपव्यय होय.

एवढें समजल्यावर निवडीचा विचार सोपा होतो. पहिली गोष्ट लांबीची. बाजारांत ४ इंचांपासून १० इंचांपर्यंत आणि क्वचित् त्याहून लांब गांडुळें मिळतात. बाससाठीं ६ ते ७ इंचांचीं अधिक खपतात. मरळाच्या जबड्यांत तीक्ष्ण दांत असतात. लांब गांडूळ दिलें तर तो मागील अर्धा भाग तोडून नेतो; गळ रिकामा परत येतो आणि तुटलेला तुकडा माशाच्या पोटांत जातो. म्हणून मरळासाठीं ४ ते ५ इंचांचें, आंखूड आणि अंगानें जाड असें गांडूळ घ्यावें. गळाचा आंकडाहि त्याच मानानें निवडावा. ४ इंची गांडुळास १/० क्रमांकाचा आणि ६-७ इंचीस ३/० क्रमांकाचा आंकडा साधारणपणें जुळतो.

दुसरी गोष्ट शेपटीची. सरळ शेपटीचें गांडूळ काठी हालविली तरच हालतें. तें गवतांतून सहज सरकतें, पण गढूळ पाण्यांत त्याचा सुगावा माशास लागत नाहीं. वळणदार शेपटी हळू ओढलें तरी फडफडते. मात्र दाट शेवाळांत ती गुरफटते. वल्ह्यासारखी शेपटी पाण्यास धक्के देते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंस जी एक रेषा दिसते, तिच्या योगें त्यास पाण्यांतील हालचाल कळते. डोळ्यांस कांहीं दिसत नसलें तरी हे धक्के त्यास जाणवतात. गढूळ पाण्यांत वल्हें आणि नितळ पाण्यांत वळण, असें थोडक्यांत सूत्र सांगतां येईल.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि येथेंच नवशिके अधिक फसतात. वर्धा जिल्ह्याची जमीन बहुतांशीं काळी. आषाढ-श्रावणांत नद्या ती माती घेऊन वाहतात आणि पाण्यांत वीतभर खालचें दिसत नाहीं. अशा पाण्यांत काळा किंवा गडद जांभळा रंग चांगला. कारण खालून वर पाहणाऱ्या माशास आकाशाच्या उजेडापुढें गडद आकृति तेवढी ठसठशीत दिसते. दिवाळीनंतर पाणी निवळतें. तेव्हां तपकिरी, शेवाळी, थोडे पारदर्शक असे रंग घ्यावे, म्हणजे तीं खऱ्या भक्ष्यासारखीं दिसतात. दुकानांतील भडक रंग पाहून माशाच्या आधीं माणूसच गळास लागतो, ही गोष्ट साड्यांच्या दुकानाशीं परिचय असलेल्या आमच्या वाचक भगिनींस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

चौथी गोष्ट घडणीची. गांडूळ जितकें मऊ तितकें तें पाण्यांत जिवंत वाटतें, आणि तितकेंच लवकर फाटतें. कांहींत मीठ मिसळलेलें असतें. त्यामुळें वजन वाढून तीं लवकर बुडतात, पण चिवटपणा कमी होतो. मरळाच्या दांतांपुढें अतिमऊ, खारीं गांडुळें टिकत नाहींत. बोटांनीं ताणलें असतां पुन्हां पूर्ववत् होणारें, जरा चिवट गांडूळ घ्यावें. लावण्याची रीत म्हणाल तर आंकड्याचें टोंक गांडुळाच्या अंगांत लपवावें. अमेरिकेंत या रीतीस टेक्सासचें नांव आहे. टोंक झांकलेलें असल्यामुळें तें पाणवनस्पतींत अडकत नाहीं, दोरा तुटत नाहीं, आणि प्लॅस्टिक व लोखंड पाण्यांत मागें राहत नाहीं.

या सर्वांवरून मुलाच्या प्रश्नाचें उत्तर असें : पाणी गढूळ असतां काळें ५ इंची, नितळ असतां तपकिरी ४ इंची. १० इंची गुलाबी पाकीट या पाण्यांत गळास लावण्याच्या उपयोगाचें नाहीं. त्याचा निराळा उपयोग पुढें सांगूं.

आतां काकूंची तक्रार. ती चौघांत सर्वांत तांतडीची आहे. हीं गांडुळें मऊ करण्यासाठीं जीं तेलकट द्रव्यें मिसळतात, त्यांत थॅलेट वर्गाचीं द्रव्यें असूं शकतात. यांपैकीं कांहीं द्रव्यांवर लहान मुलांच्या खेळण्यांपुरती युरोपांत १९९९ मध्यें तात्पुरती आणि २००५ च्या कायद्यानें कायमची बंदी घालण्यांत आली. परंतु गळाचें आमिष हें खेळणें नव्हे, त्यामुळें तो नियम त्यास लागू पडत नाहीं. त्यांतून कित्येकांस बडीशेपेचा वगैरे वास दिलेला असतो. रंग पाहावा तर हुबेहूब जेलीच्या मिठाईसारखा. रांगत्या मुलाच्या तोंडांत तें जाणें अगदीं स्वाभाविक आहे, आणि घशांत अडकल्यास प्रसंग प्राणावर बेतूं शकतो. तुकडा गिळल्याची शंका आली तरी घरगुती उपाय न करतां मुलास डॉक्टरांकडे न्यावें. म्हणून हीं पाकिटें कुलपाच्या कपाटांत राहावीं, स्वयंपाकघरांत कधींहि नसावीं, आणि हाताळल्यावर हात साबणानें धुतल्याखेरीज मुलानें पाटावर बसूं नये.

ठेवण्याच्या बाबतींत आणखी दोन सूचना. वर्ध्याच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हांत मोटारींत किंवा गच्चीवरच्या खोलींत राहिलेलीं गांडुळें वांकडीं होतात व एकमेकांस चिकटतात. शिवाय त्यांतील तेलकट द्रव्य पाझरून कांहीं प्रकारच्या प्लॅस्टिकच्या डब्या विरघळवितें, आणि दोन रंगांचीं गांडुळें एकत्र ठेविलीं तर रंग एकमेकांत उतरतात. तेव्हां ज्याचें त्याच्या मूळ पाकिटांत, सपाट, थंड जागीं ठेवावें. फाटलेलीं गांडुळें बंबांत किंवा चुलींत मुळींच टाकूं नयेत. हें प्लॅस्टिक जळतांना आम्लाची विषारी वाफ निघते.

यापुढें तो दोष, ज्याचा वर उल्लेख केला. खरें गांडूळ पाण्यांत पडलें तर चार दिवसांत त्याची माती होते. नकली गांडूळ वर्षानुवर्षें तसेंच राहतें. अमेरिकेंतील मेन राज्यांत ट्राउट माशांवर झालेल्या आणि २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें आढळलें कीं, पाण्यांत टाकलेलीं मऊ आमिषें मासे आपण होऊन गिळतात, तीं त्यांच्या पोटांत आठवडेच्या आठवडे राहतात आणि माशांचें वजन घटतें. त्याच राज्यांत २०१३ मध्यें अशा आमिषांवर बंदी घालण्याचें विधेयक आलें. सरकारी खात्यानें चौकशी करून पुढील वर्षीं बंदीची शिफारस केली नाहीं, तर गळ टाकणाऱ्यांस शहाणें करण्यावर भर दिला. बंदी असो वा नसो, घरच्या मुलास लावण्याजोगी एक शिस्त आहे. नदीवर जातांना किती गांडुळें नेलीं तें वहींत लिहावें; परततांना तुकड्यांसह किती आणलीं तें लिहावें. दोन आंकड्यांतील फरक म्हणजे त्या दिवशीं आपण नदीस दिलेला कचरा. ज्या महिन्यांत हा फरक वाढेल, त्या महिन्यांत नवें पाकीट मिळूं नये. आपल्या घरांत वाणसामानाचा हिशेब ठेवतात, त्याहून हा हिशेब अवघड नाहीं.

तोच नियम शिशाच्या वजनांस. दोऱ्यास बांधलेलीं शिशाचीं मणी-वजनें पाण्यांत पडून राहतात व पाणपक्षी खडे समजून तीं गिळतात. इंग्लंडांत हंसांचे मृत्यु यामुळें वाढले, म्हणून तेथें १९८७ मध्यें बहुतेक शिशाच्या वजनांस बंदी झाली. आपल्याकडे लोखंडी नट किंवा पितळी मणी यांनीं तें काम सहज भागतें. नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडाहि कांठावर सोडूं नये; बगळ्याच्या पायास तो बसला म्हणजे सुटत नाहीं.

आईची काळजी ही नुसती आईची माया नव्हे. तिला आधार आहे. नदींतील वाळू उपसल्यामुळें पडलेले खड्डे वरून दिसत नाहींत. गुडघाभर पाण्यांत चालणारा माणूस पुढच्या पावलास बुडतो. धरणाच्या खालीं दारें उघडतांच पाणी चढतें. मरळ ज्या गवताळ कांठांस राहतो, त्या कांठांस सापहि असतात. म्हणून ज्यास उत्तम पोहतां येत नाहीं त्यानें गळ हातांत घेऊं नये, एकट्यानें जाऊं नये, आणि पाण्यांत उतरून अडकलेला गळ सोडवूं नये. दोरा कापावा, पण जीव सांभाळावा. त्या दिवशीं हिशेबाच्या वहींत एक गांडूळ कमी पडलें तर घरच्यांनीं त्याबद्दल ओरडूं नये.

जागेचाहि विवेक हवा. बोरचें अभयारण्य १९७० पासून असून २०१४ मध्यें तो व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच्या हद्दींत वनखात्याच्या परवानगीवांचून जाण्याचा विचारच करूं नये. इतर जलाशयांतील मासेमारीचा हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असतो. त्या संस्था पदरचे पैसे घालून मत्स्यबीज सोडतात. म्हणून त्यांस विचारल्यावांचून गळ टाकणें म्हणजे दुसऱ्याच्या शेतांत शिरणें होय. पवनार येथें धाम नदीच्या कांठीं विनोबाजींचा परमधाम आश्रम आहे. तेथील घाटावर गळ घेऊन बसणें कायद्यांत बसो वा न बसो, औचित्यांत बसत नाहीं.

शेवटीं आजोबांचा प्रश्न, जो या सर्वांच्या मुळाशीं आहे. मुलगा म्हणतो, मासा सोडून दिला म्हणजे हिंसा नाहीं. हें म्हणणें आम्हांस मान्य करतां येत नाहीं. २००३ मध्यें लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशाच्या डोक्याच्या भागांत इजा ओळखणारे मज्जातंतु असल्याचें दाखविलें. त्या जाणिवेस आपण म्हणतों तसें दुःख म्हणावें कीं नाहीं, याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण ओठांतून आरपार गेलेला आंकडा माशास कांहींच नव्हे, असें आतां कोणास सहज म्हणतां येणार नाहीं. नकली गांडुळानें वांचतें तें गांडूळ. मासा वांचत नाहीं. तेव्हां हा खेळ खेळावयाचा असेल तर त्यास अहिंसेचें नांव देऊन खेळूं नये. आपण एका जिवास आपल्या करमणुकीसाठीं त्रास देत आहों, हें स्पष्ट समजून, तो त्रास कमींत कमी करून खेळावा. आंकड्याचा कांटा पकडीनें दाबून बोथट करावा, म्हणजे तो सहज निघतो. मासा ओल्या हातांनीं आणि शक्य तों पाण्यांतच धरावा. आंकडा घशांत खोल गेला असेल तर ओढाताण न करतां दोरा जवळून कापून मासा सोडावा.

दुसऱ्या बाजूनें आजोबांसहि एक विनंति आहे. आपल्या पानांत मासा येत नाहीं, एवढ्यावरून गळ आणि जाळें यांवर जगणाऱ्या ढिवरांस व भोयांस कमी लेखण्याची जी संवय आपल्या घरांतून आढळते, ती नातवाच्या डोक्यांत या निमित्तानें भरूं नये. ढिवर गळ टाकतो तो चूल पेटविण्यासाठीं. आपला मुलगा टाकणार तो मौजेसाठीं. दोहोंत कोणाचा गळ अधिक निर्दोष, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पाण्याचें जें ज्ञान ढिवराच्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे, तें कोणत्याहि परदेशी पाकिटावर छापलेलें नसतें. मुलानें नम्रपणें त्यांच्यापाशीं बसावें आणि विचारावें.

आणि सरसकट मनाई करूं नये, असेंहि आमचें मत आहे. मनाईनें छंद मरत नाहीं, तो लपतो; आणि नदीच्या कांठीं लपूनछपून गेलेला मुलगा हाच सर्वांत धोक्यांत असतो. त्यापेक्षां वर्षाचा एक क्रम घरानें मिळून ठरवावा. मरळाची वीण मुख्यतः पावसाळ्यांत होते. या दिवसांत नारिंगी-तांबड्या पिलांचा एक पुंजका पाण्याच्या पृष्ठभागाशीं खालींवर होत असतो आणि आईबाप खालीं राखण करीत असतात. पिलांजवळ जें कांहीं येईल त्यावर ते धांवून जातात. म्हणून या वेळीं त्यांस पकडणें फार सोपें, आणि म्हणूनच तें निंद्य. राखणदार गेला कीं इतर मासे पिलांचा समाचार घेतात; एक मासा धरला असें वाटतें, पण सारें घरटें बुडतें. मग त्यास पुन्हां पाण्यांत सोडलें तरी तेवढ्या वेळांत व्हावयाचें तें होऊन जातें. तेव्हां आषाढापासून आश्विनापर्यंत आंकडा आजोबांच्या कपाटांत राहावा.

ते चार महिने रिकामे जात नाहींत. तें गुलाबी, निरुपयोगी पाकीट येथें कामास येतें. दोऱ्यास आंकड्याविना गुलाबी गांडूळ बांधावें, अंगणांत २० हातांवर एक जुनी परात ठेवावी, आणि गांडूळ परातींत पडेपर्यंत फेंक साधावी. मग ३० हात, मग झाडाच्या फांदीखालून. गळ टाकण्याचें कसब निम्म्याहून अधिक या फेंकींत आहे, आणि त्यांत कोणासहि इजा नाहीं. याच काळांत पोहणें शिकून घ्यावें, आणि आंकडा नसलेल्या हातांनीं तळ्याकांठीं बसून मरळ किती वेळानें श्वासास वर येतो याची नोंद करावी. दिवाळीनंतर पाणी निवळेल, तेव्हां मुलानें आजोबांसमोर बसून सांगावें कीं, अजून आंकडा लावावासा वाटतो कीं नाहीं, आणि कां. कित्येकांची गोडी तोंवर पाहण्यांतच रमते; कित्येकांची तशीच राहते. ती राहिली तर आजोबांनीं एकदां त्याच्याबरोबर कांठावर जाऊन बसावें, पहिला मासा कसा धरला आणि कसा सोडला तें स्वतः पाहावें, आणि मग काय तें सांगावें. न पाहतां दिलेल्या निकालापेक्षां पाहून दिलेला निकाल नातू अधिक मानील.